नर्मदेच्या खोऱ्यातले बोसबाबू

प्रमथनाथ बोस यांचे नाव निघाले की जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना आठवतो. मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाचे डोंगर त्यांनी शोधले आणि टाटांना पत्र लिहून तसे कळविले, एवढी गोष्ट बहुतेकांनी कोठे ना कोठे वाचलेली असते. तीत खोटे काही नाही. पण आम्हा इंदूरकडच्या मंडळींचे बोसबाबूंशी असलेले नाते याहून जुने आहे, आणि ते आम्हांलाही फारसे ठाऊक नाही. मयूरभंजच्या आधी वीस वर्षे, पंचविशी नुकतीच ओलांडलेला हा तरुण हातोडी घेऊन नर्मदेच्या खोऱ्यात हिंडत होता आणि डायनोसॉरच्या काळातील एका आटलेल्या समुद्राचे थर एकावर एक मांडून, त्यांतील प्राण्यांची ओळख पटवून नोंदी करीत होता. इंदुरात बाग या गावाचे नाव घ्या, लोक लेण्यांविषयी बोलू लागतील. त्याला बोस हे नाव जोडा, लगेच नंदलाल बोस निघतील. कारण त्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी ते १९२१ साली तेथे आले होते. ती लेणी ज्या वालुकाश्मात कोरली आहेत त्या दगडाचा हिशेब मांडणारे दुसरे बोस कोणाच्या ध्यानात येत नाहीत. त्यांच्याविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे बरेच दिवस माझ्या मनात होते.

बोस यांचा जन्म १२ मे १८५५ रोजी बंगालमध्ये गोबरडांगाजवळच्या गैपूर या खेड्यात झाला. कृष्णनगरला व पुढे कलकत्त्याच्या सेंट झेविअर्स कॉलेजात शिकत असता त्यांनी गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळविली आणि १८७४ साली ते विलायतेस गेले. त्या काळी विलायतेस गेलेला हुशार बंगाली तरुण बहुधा बॅरिस्टर होऊन नाहीतर सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा देऊन परत येई. बोस यांनी दगडधोंड्यांची विद्या पत्करली. लंडन विद्यापीठाची बी. एस्सी. ही पदवी त्यांनी १८७७ साली घेतली आणि पुढे रॉयल स्कूल ऑफ माइन्स या संस्थेचा अभ्यासक्रम पुरा केला. प्राणिशास्त्र आणि जीवाश्मशास्त्र हे त्यांचे विशेष आवडीचे विषय. त्या विद्यालयात तेव्हा हक्स्ली शिकवीत असत, यावरून तेथली हवा कशी असेल याची कल्पना वाचकांनी करावी. डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन उणीपुरी वीस वर्षे झाली होती आणि जुनी हाडे व शिंपले ही केवळ नवलाची वस्तू उरली नव्हती.

येथे त्यांच्या हातून पहिले महत्त्वाचे काम झाले, आणि ते फार थोड्यांना माहीत असते. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांत फाल्कनर आणि कॉटली या दोघा इंग्रजांनी प्राण्यांच्या हाडांचा प्रचंड साठा गोळा करून लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला दिला होता. फाल्कनर वारले, कॉटली वारले, आणि पुष्कळशी हाडे नावाशिवाय पडून राहिली. त्यांतील मांसाहारी प्राण्यांच्या कवट्या व जबडे बोस यांनी अभ्यासास घेतले आणि १८८० साली त्यावरील निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध केला. एका लुप्त श्वापदाला त्यांनी कॉटलींच्या नावावरून ‘कॅनिस कॉटलेयी’ असे नाव दिले. त्यांनी नाव दिलेल्या इतर प्राण्यांत कट्यारीसारख्या सुळ्यांचे एक मांजरकुळातील जनावरही आहे. पुढे लायडेकर यांनी ही सारी हाडे पुन्हा तपासली, काही नावे इकडची तिकडे झाली. हे या शास्त्रात चालायचेच. पण पंचवीस वर्षांच्या एका हिंदी विद्यार्थ्याने ब्रिटिश म्यूझियममध्ये बसून हिंदुस्थानातील लुप्त प्राण्यांना नावे द्यावीत, ही गोष्ट १८८० साली लहान नव्हती.

नाव देणे म्हणजे बारसे नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. फुटक्या रांजणाचा काठ पाहून रांजण केवढा होता हे कुंभार सांगतो, तसे दाढेच्या एका उंचवट्यावरून प्राण्याचे कुळ सांगावे लागते. आपण देत असलेले नाव आधी कोणी दुसऱ्या नावाने दिलेले नाही ना, हा तुकडा एखाद्या ज्ञात प्राण्याच्या पिलाचा किंवा मादीचा तर नाही ना, हे सर्व तपासावे लागते. नाव दिले की देणाऱ्याचे आडनाव त्या नावामागे कायमचे लागते. चूक झाली तर तीही त्याच्याच नावावर जमा राहते.

लंडनमध्ये बोस हिंदी लोकांच्या हक्कांसाठी चाललेल्या चळवळीतही भाग घेत असत. १८८० साली भारतमंत्र्यांनी त्यांची हिंदुस्थानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नेमणूक केली. त्याआधी या खात्यात काही हिंदी तरुण शिकाऊ म्हणून घेतले गेले होते, पण वरच्या श्रेणीत नेमले गेलेले बोस हे पहिलेच हिंदी गृहस्थ. खात्याचे प्रमुख मेडलिकट हे स्वतः मोठे भूशास्त्रज्ञ होते. परंतु नेटिवांच्या हातून निसर्गविज्ञानात स्वतंत्र संशोधन होणे शक्य नाही, असे त्यांचे ठाम मत होते आणि ते त्यांनी सरकारी पत्रव्यवहारात लिहूनही ठेवले होते. अशा साहेबाच्या हाताखाली बोस रुजू झाले. स्वतंत्र संशोधन केलेला छापील निबंध ते खिशात घेऊनच आले होते, हा त्यातला विनोदाचा भाग.

नव्या अधिकाऱ्यास पहिला मुलूख मिळाला तो नर्मदेचे खालचे खोरे. नेमावरपासून पश्चिमेस कवांटपर्यंतचा हा पट्टा. आजच्या हिशेबाने मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातून निघून निमाड, धार, झाबुआ, अलीराजपूर ओलांडत गुजरातेत शिरणारा. त्या वेळच्या हिशेबाने होळकर, शिंदे, धारचे पवार आणि लहानसहान भिल्ल ठाकूर यांच्या सरहद्दी एकमेकांत गुंतलेला. इंदुरात दुसरे तुकोजीराव गादीवर होते. खंडव्याहून इंदूरला येणारी रेल्वे होऊन थोडीच वर्षे झाली होती. विंध्याचा कडा उतरला की पुढे बैल, घोडा आणि पाय. सर्वेक्षणाचे काम हिवाळी दौऱ्याचे: पाऊस सरला की तंबू घेऊन निघायचे, उन्हे असह्य होईपर्यंत हिंडायचे, आणि पावसाळ्यात कलकत्त्यास बसून गोळा केलेले दगड व टिपणे लावायची.

बेळगाव-धारवाडकडच्या वाचकांस आपल्याकडचा काळा पाषाण ओळखीचा आहे. सह्याद्रीपासून थेट आमच्या माळव्यापर्यंत पसरलेला हा थंड झालेला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. (याच खात्याच्या फूटसाहेबांनी दक्षिण मराठा मुलखाची पाहणी करून १८७६ साली अहवाल काढला, आणि धारवाडचे नाव जगाच्या भूशास्त्रात नेले तेही त्यांनीच.) इंदूर शहर याच पाषाणावर वसले आहे. येथे कितीही खणा, जीवाश्म सहसा लागायचा नाही. पण विंध्याच्या दक्षिण उतारावर नद्यांनी हा पाषाण कापून काढला आहे आणि त्याच्या खाली दडलेले जुने खडक उघडे पडले आहेत. मान नदीच्या परिसरात, बागच्या आसपास, चिराखान नावाच्या खेड्याजवळ हे खडक म्हणजे सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ आहे. समुद्र पश्चिमेकडून, नर्मदेच्या आजच्या खोऱ्याच्या वाटेने आत शिरला होता. बागेपासून आज समुद्र किती दूर आहे हे नकाशात पाहिले म्हणजे या गोष्टीचे नवल वाटते.

बोस तेथे पोहोचले तेव्हा हे खडक अगदी अपरिचित नव्हते. कॅप्टन डेंजरफील्ड १८१८ सालीच बागेस येऊन गेले होते. निमाडचे कीटिंगसाहेब यांनी चिराखानचे जीवाश्म गोळा करून पाठविले. मुंबईच्या कार्टर यांनी त्यांविषयी लिहिले. लंडनच्या डंकन यांनी १८६५ साली त्यांतील समुद्री अर्चिन तपासले आणि एकाला नर्मदेच्या जुन्या ग्रीक नावावरून ‘सिडारिस नामादिकस’ म्हटले. हे अर्चिन अरबस्तान व युरोपातील अर्चिनांशी जुळतात, दक्षिणेतील त्रिचनापल्लीच्या प्राण्यांशी तितके जुळत नाहीत, ही फार महत्त्वाची गोष्ट डंकन यांच्या ध्यानात आली. म्हणजे त्या काळी पश्चिमेचा समुद्र आणि दक्षिणपूर्वेचा समुद्र यांच्या मध्ये जमीन आडवी होती. ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली तापी व खालची नर्मदा यांच्या खोऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला होता. इतक्या जाणत्या लोकांनंतर पंचविशीतल्या मुलाने तेथे काय नवे शोधायचे, असे कोणासही वाटले असते.

बोस यांनी शोधले ते असे. आधीच्यांनी जीवाश्म गोळा केले होते, पण कोणता जीवाश्म नेमका कोणत्या थरातून निघाला याची काटेकोर नोंद नव्हती. पेटीत शिंपले, अर्चिन आणि अमोनाइट एकत्र आले की ते सारे एकाच वेळी जगत होते असे वाटू लागते. बोस यांनी नाल्यामागून नाला चालून थर वेगळे केले. सर्वांत खाली निमाडचा वालुकाश्म, जाडीने मोठा आणि जीवाश्मांच्या बाबतीत कृपण. त्याच्यावर गाठाळ चुनखडक. फोडला तर बटाट्यासारख्या गाठी सुट्या होतात. त्याच्यावर मार्ल, म्हणजे चिकणमाती मिसळलेला ठिसूळ चुनखडक. अवघ्या काही फुटांचा, पण जीवाश्मांनी खच्चून भरलेला. याला त्यांनी देवला आणि चिराखान या दोन खेड्यांची नावे दिली. आणि सर्वांत वर एक तांबूस-पिवळसर चुनखडक, जो प्रवाळांचा म्हणून ओळखला गेला.

वाचताना हे सोपे वाटते. मी त्या भागात हिंडलो आहे, आणि मला ते मुळीच सोपे वाटले नाही. एका नाल्यात खालचे दोन थर दिसतात, पुढच्या नाल्यात वरचा एकच दिसतो, तिसऱ्यात सारे काही लाव्ह्याच्या ढिगाखाली गाडलेले असते. मध्ये शेते आहेत, पळसाची झाडे आहेत, आणि खडकावर काळी माती चढलेली आहे. सुट्या, विस्कटलेल्या पानांवरून पोथी लावण्यासारखे हे काम. आणि पाने लावायची खूण कोणती, तर जीवाश्म. या नाल्यातील गाठाळ खडक आणि त्या नाल्यातील गाठाळ खडक एकच आहे हे त्यांतील प्राण्यांवरून ठरवायचे. म्हणून प्राणी ओळखण्यात चूक झाली की सगळी पोथी उलटीसुलटी लागते.

प्राणी ओळखायचे तरी कसे? समुद्री अर्चिन हा त्यातल्या त्यात सज्जन. त्याच्या कवचावर छिद्रांचे पाच पट्टे असतात. ते पट्टे केवढे लांब आहेत, तोंड मध्यभागी आहे की एका कडेस सरकले आहे, गुदद्वार वर आहे की मागे, यांवरून त्याचे कुळ सांगता येते. कालव मात्र लबाड. तो लहानपणी ज्या दगडास चिकटतो त्या दगडासारखा वाढतो, त्यामुळे एकाच आईची दोन कालवे दोन जातींची वाटतात. अमोनाइट हा गुंडाळलेल्या शंखाचा प्राणी. त्याच्या शंखात आडवे पडदे असतात, आणि प्रत्येक पडदा बाहेरच्या भिंतीस जेथे चिकटतो तेथे एक वेलबुट्टीची रेघ उमटते. दोन अमोनाइट बाहेरून अगदी सारखे दिसले तरी रेघ वेगळी असेल तर ते वेगळे. अमोनाइट पृथ्वीवर झपाट्याने बदलत गेले, म्हणून काळ ठरविण्यास त्यांच्यासारखा साक्षीदार नाही. बोस यांना या सर्व साक्षीदारांची उलटतपासणी घ्यावी लागली, आणि तीही कलकत्त्यात बसून, युरोपात छापलेल्या चित्रांच्या आधारे.

वरचा चुनखडक ‘प्रवाळी’ म्हणून नावाजला खरा, पण पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यातील फांद्यांसारखे तुकडे प्रवाळांचे नसून ब्रायोझोआ नावाच्या अगदी वेगळ्या जीवांचे आहेत असे ठरले. हे जीवही वसाहत करून राहतात, चुन्याची घरे बांधतात, आणि नुसत्या डोळ्यांना प्रवाळासारखेच दिसतात. थराचे नाव मात्र तसेच राहिले. शास्त्रात चुकीचे नाव सर्वांच्या तोंडी बसले की ते बदलणे जड जाते. आमच्या इंदुरातील काही मोहल्ल्यांच्या नावांविषयीही मला असेच म्हणता येईल, पण तो वेगळा विषय.

या जीवाश्मांविषयी बोलू लागलो की विद्यार्थी एक प्रश्न हटकून विचारतात: डायनोसॉरच्या काळचे दगड ना हे, मग त्या काळचे किडे, कोळी कोठे आहेत? प्रश्न चांगला आहे. बागचे थर समुद्राचे, आणि कोळी राहतो जमिनीवर. शिवाय त्याचे अंग मऊ; शिंपल्यासारखे चुन्याचे घर त्याला नाही. तो टिकायचा तर तळ्याच्या अत्यंत बारीक गाळात पडावा लागतो, नाहीतर झाडाच्या राळेत अडकून तिचा अंबर व्हावा लागतो. असा अंबर बोस यांच्या काळी इंग्रजी अमलाच्या टोकाशी, ब्रह्मदेशातील हुकाँग खोऱ्यात निघत होता, आणि त्याची पाहणी करण्यास त्यांच्याच खात्याचे नॉट्लिंग हे १८९२ साली गेले होते. नॉट्लिंग यांना तो अंबर पुष्कळ अलीकडचा वाटला. पुढे १९१६-१७च्या सुमारास कॉकरेल यांनी त्यातील कीटक पाहून तो याहून फार जुना असावा अशी शंका घेतली. ती खरी ठरली: त्या थरांतील झिर्कॉन खनिजाच्या तपासणीवरून २०१२ साली त्याचे वय सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षे निघाले. म्हणजे बागच्या समुद्राहून थोडासाच वडील. त्याच अंबरात पुढे एक विचित्र प्राणी सापडला: जाळे विणण्याची इंद्रिये कोळ्याची, आणि मागे लांब शेपूट, जी आजच्या कोणत्याही कोळ्याला नाही. २०१८ साली एकाच दिवशी दोन निबंध प्रसिद्ध झाले. एकाने त्याला कोळ्यांच्या ओळीत बसविले, दुसऱ्याने कोळ्यांच्या जवळच्या पण वेगळ्या, लुप्त झालेल्या गटात. ब्रिटिश म्यूझियममधील शिवालिकच्या जबड्यांपुढे बोस बसले होते तेव्हाचा प्रश्नही जातीने हाच होता: कोणत्या एका अवयवावर विश्वास टाकायचा आणि कोणता सोडून द्यायचा.

जमिनीवरील प्राण्यांचे पुरावे आमच्याकडे अगदीच नाहीत असे नाही. बागच्या चुनखडकानंतर, आणि लाव्हा येण्यापूर्वी, समुद्र हटून जमीन झाली तेव्हाचे खडक धार जिल्ह्यात आहेत, आणि त्यांत डायनोसॉरांची घरटीच्या घरटी सापडली आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद आहे. पाडल्या गावचे लोक असे वाटोळे दगड पिढ्यान्‌पिढ्या ‘काकड भैरव’ म्हणून शेताच्या सीमेवर पुजत आले होते. मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. हा दगड इतर दगडांसारखा नाही एवढे त्यांनी ओळखले होते.

नर्मदेच्या खोऱ्यावरील बोस यांचा ग्रंथ खात्याच्या मेमॉयर्सच्या एकविसाव्या खंडात १८८४ साली प्रसिद्ध झाला. मेडलिकट यांनी हिंदी माणसाच्या कुवतीविषयी जे लिहिले होते त्याला याहून चांगले उत्तर नव्हते, आणि ते खात्याच्याच छापखान्यातून निघाले. मधल्या काळात, १८८२ साली, रमेशचंद्र दत्त यांची कन्या कमला हिच्याशी बोस यांचा विवाह झाला होता. हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहिणारे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले दत्त ते हेच.

यानंतरची वीस वर्षे मी भरभर सांगतो. रायपूरकडे धल्ली-राजहराचे लोखंड, सिक्कीमची खनिजे, ब्रह्मदेशात तेनासरीमचा कोळसा अशी त्यांची कामगिरी देशभर झाली. फावल्या वेळात त्यांनी तांत्रिक शिक्षणावर पुस्तिका लिहिली आणि इंग्रजी अमलातील हिंदू संस्कृतीचा इतिहास तीन भागांत प्रसिद्ध केला. मला वाटते, जीवाश्मांकडून धातूंकडे त्यांचे मन वळले त्यात खात्याच्या गरजेचा भाग होता तसा देशाच्या गरिबीचाही होता. रमेशचंद्रांच्या घरात त्या विषयावर बोलणे होत नसेल असे कसे म्हणावे?

मग १९०३ साल आले. खात्याचे प्रमुखपद रिकामे झाले. बोस यांची नोकरी तेवीस वर्षांची. पद मिळाले टॉमस हॉलंड यांना, जे बोस यांच्यानंतर दहा वर्षांनी खात्यात आले होते. हॉलंड विद्वान होते यात शंका नाही, आणि त्यांच्यावर राग धरण्याचे मला कारण दिसत नाही. पण थरांचा क्रम लावण्यात ज्याचे आयुष्य गेले त्या माणसाचा स्वतःचा क्रम कशावरून लावला गेला, हे तेव्हा सर्वांना कळत होते. बोस यांनी भांडण केले नाही. मुदतीपूर्वी निवृत्ती घेऊन ते बाहेर पडले.

पुढचे सर्वांस ठाऊकच आहे. मयूरभंजच्या महाराजांनी त्यांना बोलावले. गोरुमहिसाणीच्या डोंगरात उत्तम लोहखनिज निघाले. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजी टाटांना पत्र लिहिले. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात वारले, पण त्यांच्या मुलांनी काम सोडले नाही. १९०७ साली कंपनी उभी राहिली आणि साकची गावाचे पुढे जमशेदपूर झाले. बोस खात्यात प्रमुख झाले असते तर हे झाले नसते, असे काही लोक मोठ्या समाधानाने म्हणतात. मला हे समाधान पटत नाही. अन्यायातून चांगले निघाले म्हणून अन्यायाची पावती फाडता येत नाही. शिवाय त्या जागेवर बसून त्यांनी काय केले असते हे कोणी पाहिले आहे?

ज्या १९०७ साली ती कंपनी स्थापन झाली, त्याच साली खात्यातील व्रेडनबर्ग यांनी बागच्या अमोनाइटांवर निबंध लिहिला. नर्मदेच्या नावावरून त्यांनी ‘नामादोसेरास’ अशी प्रजाती काढली. तिच्यातील एका जातीला शिंदे सरकारांवरून ‘सिंदियाई’ नाव दिले, कारण बागचा मुलूख ग्वाल्हेर संस्थानाचा. दुसऱ्या प्रजातीतील एकाला त्या वेळचे व्हाइसरॉय मिंटो यांच्यावरून ‘मिंटोई’. आणि एकाला ‘बोसेई’. राजाच्या आणि लाटसाहेबाच्या पंक्तीला खात्यातून बाहेर पडलेल्या बोसबाबूंचे पान मांडले गेले, ते त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या हातून. ही नावे वाचताना मला नेहमी बरे वाटते.

बोस स्वतः तोवर दुसऱ्याच कामात गढले होते. वंगभंगाच्या चळवळीत १९०६ साली निघालेल्या बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे ते पहिले मानद प्राचार्य झाले. आजचे जादवपूर विद्यापीठ त्याच रोपाचे झाड. उतारवयात रांचीला राहून त्यांनी पुष्कळ लिहिले, आणि त्या लिखाणात पाश्चात्त्य यंत्रसंस्कृतीविषयी त्यांचा सूर उत्तरोत्तर संशयाचा होत गेला. पोलादाच्या कारखान्याला खनिज दाखवून देणारा मनुष्य शेवटी कारखान्यांच्या संस्कृतीकडे असा पाहू लागला याचे अनेकांना कोडे वाटते. मला वाटत नाही. नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा हिशेब ज्याने तरुणपणी मांडला, त्याला शेदोनशे वर्षांच्या भरभराटीचा फार मोठा दबदबा वाटू नये हे स्वाभाविक आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव मधु बोस यांनी मात्र अगदी नव्या युगाचा धंदा पत्करला. ते चित्रपटदिग्दर्शक म्हणून नावाजले.

२७ एप्रिल १९३४ रोजी रांची येथे बोस वारले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९३७ साली, चिपळूणकर या तरुण मराठी संशोधकाचा बागच्या समुद्री अर्चिनांवरील निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाठोपाठ इतर प्राण्यांवरचेही आले. पुढे पुण्याला महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, त्यांनी आणि बडवे यांच्यासारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम कित्येक वर्षे चालविले. शिंपले, कालवे, ब्रायोझोआ एकेक करून तपासले गेले, नावे बदलली, नवी नावे आली. देवला-चिराखानचा मार्ल हा स्वतंत्र थर मानावा की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेदही झाले. पण वाद घालायचा तरी सुरुवात बोस यांच्या १८८४च्या थरांपासूनच करावी लागते, आणि चिराखानला जाणारे विद्यार्थी आजही गाठाळ चुनखडक कोठे संपतो आणि मार्ल कोठे सुरू होतो हेच आधी शोधतात.